दहा युरोंची वाट

रिओमाज्जोरे ते मानारोला ही इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरची वाट जेमतेम एक किलोमीटरची. रमतगमत चाललं तरी अर्ध्या तासाच्या आत संपते. 24 सप्टेंबर 2012 रोजी तिच्यावर दरड कोसळली, चार ऑस्ट्रेलियन पर्यटक जखमी झाले आणि वाट बंद पडली. ती पुन्हा उघडायला 2024 चा उन्हाळा उजाडला. मधल्या काळात दोन कोटी युरोंहून जास्त खर्च झाला, कड्याला पोलादी जाळ्या बसल्या. आता पर्यटकाने आधी वेळ ठरवून घ्यायची, राष्ट्रीय उद्यानाच्या कार्डाखेरीज वेगळे दहा युरो मोजायचे, रिओमाज्जोरेकडून शिरायचं आणि मानारोलाकडून बाहेर पडायचं. उलट दिशेने येता येत नाही. गावकऱ्यांना पैसे पडत नाहीत, हे मात्र चांगलं केलं.

बातमी वाचली आणि दिवसभर अस्वस्थ होते. त्या वाटेचं नाव ‘व्हिया देल्लामोरे’, म्हणजे प्रेमाची वाट. आम्ही जेनोवाला राहत होतो तेव्हा ती आमच्या रविवारची वाट होती.

या किनाऱ्याचा इतिहास सांगणारे बायरन आणि शेलीपासून सुरुवात करतात. शेली 1822 मध्ये जवळच्याच समुद्रात बुडाला, म्हणून त्या आखाताला कवींचं आखात म्हणतात. पण त्या कवींचा या पाच गावांशी फारसा संबंध नव्हता, त्यामुळे मी तिथे रेंगाळत नाही. मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे: चिंक्वे तेर्रे म्हणतात ती ही पाच. रेल्वे इथे 1870 च्या दशकात आली. त्याआधी समुद्र किंवा डोंगर, एवढेच दोन रस्ते. रिओमाज्जोरेहून शेजारच्या मानारोलाला जायचं तर मधला उभा डोंगर पायऱ्यांनी चढून पलीकडे उतरावं लागे. 1920-30 च्या दशकांत रेल्वेच्या बोगद्यांचं काम निघालं, त्यासाठी कड्यावर येण्याजाण्याची सोय झाली आणि तिच्यातून ही सपाट वाट जन्मली. आजारी माणूस, लग्नाचं वऱ्हाड, भाजीची पाटी, सगळं तिच्यावरून जाऊ लागलं. दोन्ही गावांतली पोरंपोरी संध्याकाळी तिथे भेटत, त्यावरून नाव पडलं. मोंतेरोस्सोत लहानपणीचे उन्हाळे काढलेला कवी एउजेनियो मोन्ताले याला 1975 मध्ये नोबेल मिळालं, 1997 मध्ये युनेस्कोने हा किनारा जागतिक वारसा ठरवला, 1999 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. इतकं पुरे.

आम्ही जेनोवाला गेलो ते या शतकाच्या सुरुवातीला. नवऱ्याची नोकरी बंदराशी बांधलेली. 2004 मध्ये जेनोवा युरोपची सांस्कृतिक राजधानी होती. शहराने जुने राजवाडे घासूनपुसून लख्ख केले होते. रोजच्या संध्याकाळी नेर्वीला जायचं. रेल्वेचे रूळ आणि समुद्र यांच्या मधोमध दोनेक किलोमीटरची फरसबंद वाट आहे, अनिता गारिबाल्दीच्या नावाची. वर जुन्या हवेल्यांच्या बागा, गुलाब, पाइनची झाडं. खाली काळा खडक आणि लाटा. म्हातारी माणसं तिथे नटूनथटून येत. कुणी घाईत नसे. लिगुरियातली माणसं परक्याशी चटकन बोलत नाहीत, पण तोच चेहरा रोज दिसला की कधीतरी मान हलते, आणि एकदा मान हलली की ती माणसं तुमची झाली. वाटेवर चालण्याचा खरा अर्थ मला तिथे कळला. त्याच दगडांवरून, त्याच माणसांसमोरून, दोन्ही दिशांनी जायचं.

सुट्टीला कधी पश्चिमेला, फ्रान्सच्या हद्दीजवळ वेन्तिमिलियापलीकडच्या ला मोर्तोलाला. तिथली हॅनबरी बाग ही माझ्या मते या किनाऱ्यावरची सर्वांत श्रीमंत बाग. शांघायच्या व्यापारात पैसा कमावलेल्या थॉमस हॅनबरी या इंग्रजाने 1867 मध्ये ती जागा घेतली. भाऊ डॅनियल औषधी वनस्पतींचा जाणकार. जर्मन माळी लुडविग विंटर हाताशी. समुद्राकडे उतरत जाणाऱ्या अठरा हेक्टरांवर त्यांनी जगभरची झाडं रुजवली: कोरफडी, घायपात, लिंबूवर्गातले नाना प्रकार. दुसऱ्या महायुद्धात बागेची नासधूस झाली. 1960 मध्ये इटालियन सरकारने ती विकत घेतली आणि पुढे जेनोवा विद्यापीठाच्या हाती सोपवली. म्हणजे एका धनिकाच्या हौसेची जबाबदारी अख्ख्या देशाने घेतली. योग्यच केलं. माझं दुखणं वेगळं आहे. त्याच किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला त्याहून कितीतरी मोठी, कितीतरी जुनी बाग आहे. ती गरीब शेतकऱ्यांनी लावली, म्हणून तिला बाग म्हणायला कुणी तयार नाही आणि तिला माळीही कुणी देत नाही.

ती बाग म्हणजे चिंक्वे तेर्रेच्या डोंगरउतारावरची द्राक्षशेती. जवळजवळ हजार वर्षं माणसांनी हा उतार खणून त्याच्या पायऱ्या केल्या आणि प्रत्येक पायरीला दगडाचा गडगा घातला. कोकणात आमच्या आगराला होता तसाच. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड नुसता बसवलेला. पावसाचं पाणी त्याच्या फटींतून झिरपून जातं, माती जागेवर राहते. या गडग्यांची एकूण लांबी सहा हजार किलोमीटरांच्या वर भरते असा हिशोब सांगतात. त्यांच्यावर बोस्को, अल्बारोला आणि वेर्मेन्तिनो ही द्राक्षं होतात. निवडक घड काढून छपराखाली टांगून किंवा पसरून सुकवतात, शरद ऋतू सरता सरता त्यांचा रस काढतात आणि त्याची ‘शाकेत्रा’ नावाची गोड वाइन करतात. बाटली लहान, किंमत मोठी, कारण कष्ट अफाट. कित्येक ठिकाणी यंत्र पोहोचत नाही. एका रुळावरून करकरत चढणारी छोटी मालगाडी आहे तिथे आहे, नाहीतर पाटी खांद्यावर.

आमच्या त्या दशकात सप्टेंबरमध्ये मानारोलाच्या वरच्या व्होलास्त्रा गावाच्या बाजूला ही तोडणी बघायला मिळे. बहुतेक हात सत्तरीच्या पुढचे. ओळखीच्या एका आजींनी मला गडग्याचा दगड कसा बसवायचा ते दाखवलं होतं: रुंद तोंड आत, तिरपी बाजू डोंगराकडे, मागे बारीक चुरी दाबून भरायची. त्यांची मुलं जवळच्या ला स्पेत्सिया शहरात नोकरीला, नातवंडं मिलानला. त्यांच्यानंतर तो टप्पा कोण बघणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं आणि त्यांना ते विचारायचंही धाडस मला झालं नाही. एकेकाळी हजाराच्या घरात असलेली इथली द्राक्षशेती आता शंभर हेक्टरांच्या आसपास उरली आहे. बाकीच्या टप्प्यांवर झुडपं, काटे आणि रानडुकरं.

खाली किनाऱ्यावर मात्र त्याच वर्षांत गर्दी फुगत होती. ला स्पेत्सियाच्या बंदरात क्रूझची जहाजं लागायची, त्यांतून शेकडो माणसं एका वेळी लोकलमध्ये भरायची, दोन गावं बघून जेवायला जहाजावर परत. प्रेमाच्या वाटेच्या कठड्यांना कुलुपं लटकू लागली, भिंती नावांनी भरल्या. तेव्हाही पर्यटकांना कार्ड घ्यावं लागे, पण थोडक्या युरोंच्या त्या कार्डात सगळी किनारवाट येई, आणि संध्याकाळी फाटकावर कुणी नसायचं. मानारोलाच्या बायका आठनंतर शतपावलीला येत. ती वाट तेव्हाही गावाची होती, आम्ही तिथले पाहुणे होतो, आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

पुढे 2011 चा पाऊस आला. 25 ऑक्टोबरला जवळच्या व्हारा खोऱ्यात एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या वर पडला. व्हेर्नात्साच्या मुख्य रस्त्याखालून गावचा ओढा झाकून नेलेला आहे. तो ओढा डोंगराचा चिखल, झाडं, मोटारी घेऊन रस्त्यावर आला. दुकानांची तळमजल्यावरची दारं दिसेनाशी झाली. तिथे तीन माणसं गेली, मोंतेरोस्सोत एक. दहा दिवसांनी, 4 नोव्हेंबरला, जेनोवात फेरेज्जानो ओढ्याने सहा जीव घेतले, त्यांत दोन लहान मुली होत्या. तो ओढा आमच्या घरापासून फार लांब नव्हता. त्या रात्री आमच्या इमारतीत कुणी झोपलं नाही.

तेव्हा टीव्हीवर बसलेले तज्ज्ञ सगळा दोष पावसाला देत होते, याचा राग मला आजही आहे. पाऊस भयंकर होता, खरंच. पण सोडून दिलेल्या शेताचा गडगा पोट काढतो, एक दगड निसटतो, मागे पाणी साचतं आणि टप्प्यामागून टप्पा खाली येतो, हे तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याला पाठ होतं. पुढे अभ्यासकांनीही हेच मांडलं: सोडलेले टप्पे उतारावरच्या घसरणीला मोठा हातभार लावतात. ज्या हातांनी डोंगर धरून ठेवला होता ते हात म्हातारे झाले, आणि खाली पर्यटनाचा पैसा वाहत असताना त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. पुढच्याच सप्टेंबरमध्ये प्रेमाच्या वाटेवर दरड कोसळली. त्याच सुमारास आम्ही परत आलो.

नंतरची वर्षं मी लांबून पाहिली, त्यामुळे भरभर सांगते. 2018 मध्ये युनेस्कोने चुन्याशिवाय दगड रचण्याच्या कलेला अमूर्त वारसा म्हणून मान दिला, त्यात इटलीही होती. 2019 पासून युरोपीय संघाच्या पैशातून मानारोलाच्या वरचे काही टप्पे दुरुस्त करण्याचा प्रकल्प उद्यानाने चालवला. तो काही हेक्टरांचा आहे, पण ही त्या वर्षांतली सर्वांत चांगली बातमी. बाकी सगळं गर्दीचं व्यवस्थापन. डोंगरवाटांवर चपला घालून येणाऱ्यांना दंड, गर्दीच्या दिवशी काही वाटा एकेरी, गावागावांतल्या लोकलच्या तिकिटाला हंगामात दहा युरोंपर्यंत दर. पाच गावांत मिळून साडेतीन-चार हजार माणसं आणि वर्षाला वीस लाखांहून जास्त पाहुणे. नियम लागणारच, हे मला कळतं. पण गर्दीतून येणाऱ्या पैशाने डोंगर सावरला पाहिजे, आणि तो अजून पुरेसा सावरत नाही. दोन कोटींची पोलादी जाळी एका किलोमीटरला मिळाली. वरच्या गडग्यांना त्याचा काही अंश तरी मिळायला हवा होता, कारण खालची वाट वरच्या गडग्यांवर उभी आहे.

आपल्याकडच्या सहलींबद्दलही बोलायला हवं. मराठी घरांतून युरोपला जाणाऱ्यांची संख्या वाढली याचा मला आनंद आहे. पण ‘पाच गावं एका दिवसात’ असं छापणारी माहितीपत्रकं बघून जीव तुटतो. पिसाहून सकाळी बस, मानारोलाच्या टोकावर फोटो, एक आइस्क्रीम आणि परत. अशा सहलीतून गावाला कचरा मिळतो आणि आपल्या माणसांना काहीच मिळत नाही. पैसे साठवून, वर्षानुवर्षं वाट बघून गेलेल्या माणसांना यापेक्षा पुष्कळ मिळायला हवं.

म्हणून जाणार असाल तर एप्रिलच्या आधी किंवा ऑक्टोबरनंतर जा, आकाशाचा अंदाज पाहून. किमान दोन रात्री एकाच गावात राहा. प्रेमाच्या वाटेचे दहा युरो वाचले तरी चालतील. कोर्निल्याहून वर चढून व्होलास्त्रामार्गे मानारोलाला उतरा. ती वाट द्राक्षांच्या टप्प्यांतून जाते आणि तिला तिकीट नाही. पायांत चांगले बूट घाला. गडग्यांवर बसू नका, त्यांचा दगड उपसू नका. आणि परतताना वाचलेल्या दहा युरोंत भर घालून तिथल्या शेतकऱ्याकडून थेट शाकेत्राची एक बाटली घ्या, वाइन घेत नसाल तर मोंतेरोस्सोच्या लिंबांचा मुरंबा घ्या. तो पैसा डोंगरावर जातो.