एमजीबी मोटारगाडी : शीतन व इंधन यंत्रणांची देखभाल

ब्रिटनमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या स्पोर्ट्‌स मोटारगाडीचे एंजिन थंड राखणाऱ्या आणि त्याला पेट्रोल पुरविणाऱ्या यंत्रणांची निगा. या प्रकारच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांचा फार मोठा भाग अमेरिकेत निर्यात झाला. ब्रिटन, अमेरिका इ. देशांत त्यांपैकी पुष्कळ गाड्या हौशी मालकांनी आजही चालत्या ठेवल्या आहेत. गाडीचे १,७९८ घ. सेंमी. धारणेचे चार सिलिंडरांचे एंजिन ‘बी’ मालिकेतील आहे. याच मालिकेतील १,४८९ घ. सेंमी. चे एंजिन भारतातील अँबॅसडर मोटारगाडीत दीर्घकाळ वापरले गेले. त्यामुळे एमजीबी भारतात क्वचितच दिसत असली, तरी तिचे एंजिन येथील जुन्या कारागिरांना अगदीच अपरिचित वाटू नये.

शीतन आणि इंधन या दोन यंत्रणांचा विचार सामान्यतः स्वतंत्रपणे करतात. या गाडीच्या बाबतीत मात्र तसे करणे सोयीचे नाही. याचे कारण एंजिनाच्या रचनेत आहे. त्याच्या सिलिंडर शीर्षात पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारी दोन आणि जळालेले वायू बाहेर टाकणारी तीन अशी पाचही द्वारे एकाच बाजूस आहेत. त्यामुळे दोन्ही कार्ब्युरेटर तप्त निष्कास नळाच्या अगदी निकट, त्याच्या वरच्या अंगास बसविलेले असतात. पेट्रोलातील हलके घटक ४०° से. च्या आसपासच उकळू लागतात, तर निष्कास नळाचे तापमान कित्येक शेकडा अंश असते. एंजिन प्रमाणाबाहेर तापले की पेट्रोल उकळते. उलट पेट्रोलाचा पुरवठा अपुरा झाला की मिश्रण विरळ होऊन एंजिन अधिक तापते. एका यंत्रणेतील दोषाचे लक्षण अशा रीतीने दुसरीत प्रकट होते आणि मालक चांगले कार्ब्युरेटर खोलून बसतो. हा केवळ वेळेच्या व पैशाच्या अपव्ययाचा प्रश्न नाही. दुर्लक्ष झाल्यास शीर्ष वाकणे, गॅसकेट जळणे हे घडतेच. पण गळणारे पेट्रोल तप्त नळावर पडून गाडी पेटण्याचा धोकाही असतो.

शीतन यंत्रणा : पट्ट्याने फिरणारा पंप रेडिएटरातील पाणी एंजिनाच्या ठोकळ्याभोवतीच्या पोकळीतून व शीर्षातून खेळवितो. त्याच पट्ट्यावर पंखा चालतो. १९७६ पासूनच्या गाड्यांत मात्र विजेचे पंखे आले व रेडिएटर अधिक पुढे सरकविण्यात आला. यंत्रणेत सुमारे साडेपाच लिटर पाणी मावते. शीर्षाच्या पुढील टोकाशी असलेला थर्मोस्टॅट सर्वसाधारणपणे ८२° से. ला उघडतो, उष्ण प्रदेशांसाठी ७४° से. चा आणि थंड प्रदेशांसाठी ८८° से. चा थर्मोस्टॅट योजतात. रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंग आतील पाणी दाबाखाली ठेवते. पूर्वीच्या गाड्यांत हा दाब दर चौ. सेंमी. ला सुमारे ०·५ किग्रॅ. व नंतरच्या गाड्यांत सुमारे ०·७ किग्रॅ. असे. दाब वाढला की उत्कलनबिंदूही वाढतो. ०·५ किग्रॅ. दाबास साधे पाणी ११०° से. च्या थोडे वर उकळते. म्हणूनच झाकणाची रबरी चकती कडक झाली, तर इतर सर्व भाग निर्दोष असूनही पाणी उकळून जाते. नवीन रेडिएटर घेण्यापूर्वी नवे झाकण बसवून पाहावे, ही अल्प खर्चाची तपासणी बहुतेक वेळा विसरली जाते.

या एंजिनाचा ठोकळा व शीर्ष दोन्ही बिडाची आहेत. बीड आतून गंजत राहते आणि तो गंज, ओतकामातून उरलेली वाळू व पाण्यातील क्षार यांचा चिखल सर्वांत मागील, म्हणजे चौथ्या सिलिंडरच्या तळाशी साचतो. तेथे पाणी फिरत नाही, पण तापमान-दर्शक तर पुढील भागातील पाण्याचे तापमान दाखवितो. परिणामी काटा मध्यावर असतानाही मागील सिलिंडर भाजत असतो. हा गाळ काढण्यासाठी ठोकळ्याच्या उजव्या अंगास मागील बाजूला निचऱ्याची तोटी ठेवलेली आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत ती उघडली तरी पाणी येत नाही. म्हणजे ती बंद पडलेली नसून गाळाने बुजलेली असते. तोटी पूर्ण काढून भोकात तार घालून गाळ फोडावा व बागेच्या नळीने ठोकळा उलट दिशेने, निघणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवावा. रेडिएटर वेगळा काढून उलटा करून धुणे इष्ट असते. ठोकळ्याच्या बाजूच्या भोकांत ठोकून बसविलेली पातळ पत्र्याची बुचे याच गंजाने आतून पोखरतात. धुतल्यानंतर एखाद्या बुचातून पाणी झिरपू लागले, तर दोष धुण्याचा नसतो; गंजानेच ते भोक आजवर बुजवून धरलेले असते.

नुसते पाणी उष्णता वाहून नेण्यास ग्लायकॉलयुक्त मिश्रणापेक्षा सरस असते. म्हणून बर्फ न पडणाऱ्या प्रदेशात निम्म्या प्रमाणात ग्लायकॉल घालण्याची गरज नाही. गंजरोधक द्रव्य मात्र कोणत्याही हवामानात आवश्यक आहे. ते सुमारे दोन वर्षांत क्षीण होते, मग गाडी चाललेली असो वा नसो. नव्या गाड्यांसाठी निघालेली कार्बनी अम्लांवर आधारलेली दीर्घायुषी द्रव्ये जुन्या रेडिएटरांतील डाखकाम व जुनी गॅसकेटे यांना मानवतीलच असे नाही. जुन्या पद्धतीचे सिलिकेटयुक्त द्रव्य वापरणे सुरक्षित. विहिरीचे वा कूपनलिकेचे जड पाणी टाळून ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे.

गाडी तापू लागली की थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची प्रथा उष्ण प्रदेशांतील कार्यशाळांत रूढ आहे. हा उपाय नव्हे. थंड एंजिनात पेट्रोल भिंतींवर साचून वंगण धुऊन नेते व सिलिंडर लवकर झिजतात. थर्मोस्टॅट पाण्यात लोंबकळता धरून पाणी तापवावे आणि तो कोणत्या तापमानाला उघडतो हे पाहावे. बिघडला असल्यास नवा बसवावा. पंख्याचा पट्टा सर्वांत लांब भागात अंगठ्याने दाबला असता सुमारे १३ मिमी. दबला पाहिजे. त्याहून ताणल्यास पंपाचा धारवा खराब होतो.

गाडी केव्हा तापते हे पाहिल्यास कारण बरेचसे उलगडते. गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर हवेचा प्रवाह अपुरा असतो : पट्टा, पंखा किंवा रेडिएटरच्या पत्र्यांत बसलेली धूळ व किडे. वेगात धावताना तापते, तर पाण्याचा प्रवाह अडलेला असतो. एंजिन सुरू होताच रेडिएटरात बुडबुडे येऊ लागले, तर गॅसकेट जळाले असावे. यांपैकी काहीच आढळले नाही, तर प्रज्वलन उशिरा होत आहे काय किंवा मिश्रण विरळ आहे काय हे तपासावे. आणखी एक धोका ध्यानात ठेवावा. पाणी पूर्णपणे गळून गेले, तर तापमान-दर्शकाचे टोक पाण्याऐवजी वाफेत राहते आणि काटा चढण्याऐवजी उतरू शकतो. अशा वेळी निश्चिंत होण्याऐवजी एंजिन तत्काळ बंद करावे. तापलेल्या एंजिनाचे झाकण उघडू नये आणि त्यात थंड पाणी ओतू नये. पहिल्याने माणूस भाजतो, दुसऱ्याने बीड तडकते.

इंधन यंत्रणा : पेट्रोलाची टाकी गाडीच्या मागील भागात सामानकप्प्याच्या तळाखाली असते. ती गंजते ती बहुधा वरून. टाकीचा माथा व वरचा पत्रा यांच्या फटीत ओला चिखल साठतो व खालून निकोप दिसणारी टाकी माथ्याशी चाळणीसारखी झालेली असते. पूर्ण भरल्यावरच पेट्रोलाचा वास येत असेल, तर हेच कारण संभवते.

टाकीतील पेट्रोल विजेचा एसयू पंप पुढे ढकलतो. विद्युत् चुंबक पटल ओढून पेट्रोल आत घेतो, स्प्रिंग ते पटल परत ढकलते आणि प्रत्येक फेऱ्यात संपर्क-बिंदू उघडतात व मिटतात. त्याचा ‘टक टक’ असा आवाज चालकास ऐकू येतो आणि निदानाचे ते फुकटचे साधन आहे. किल्ली फिरविताच जलद ठोके पडून काही क्षणांत ते थांबले, तर पंप ठीक आहे व कार्ब्युरेटरांतील फ्लोट कक्ष भरले आहेत. ठोके सावकाश पण सतत पडत राहिले, तर पेट्रोल कोठेतरी गळत आहे किंवा फ्लोट कक्षाची सुई नीट बसत नाही. ते अतिशय जलद आणि अविरत पडले, तर टाकी रिकामी आहे किंवा पंप नळीच्या सैल जोडातून हवा ओढत आहे. ठोकेच नसतील, तर बहुधा संपर्क-बिंदू जळालेले वा दीर्घ विश्रांतीने मळलेले असतात. पंपाला हातोडीने हलकेच ठोकल्यास तो पुन्हा चालू होतो. पण ही केवळ घरी पोहोचण्याची युक्ती होय.

ब्रिटनमध्ये विकलेल्या गाड्यांत दोन एसयू कार्ब्युरेटर असतात. १९७५ पासून अमेरिकेस पाठविलेल्या गाड्यांत मात्र एकच झेनिथ-स्ट्राँबर्ग कार्ब्युरेटर आहे. एसयू प्रकारात हवेच्या ओढीप्रमाणे दट्ट्या वर उचलला जातो आणि त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून तितकीच वर सरकते. त्यामुळे हवा व पेट्रोल यांचे प्रमाण आपोआप राखले जाते [⟶ कार्ब्युरेटर]. दट्ट्याच्या माथ्यावरील नळीत वंगण तेल भरलेले असते. हे तेल आटले, तर वेगवर्धक एकदम दाबताच गाडी अडखळते. तेल घालण्यास एक मिनिट लागते. मिश्रण तपासण्यासाठी दट्ट्या खालील खिळीने जेमतेम एक मिमी. उचलावा. एंजिनाचा वेग क्षणभर किंचित वाढून स्थिरावला, तर मिश्रण योग्य आहे. वेग वाढून वाढलेलाच राहिला तर ते समृद्ध व एंजिन बंद पडू लागले तर विरळ समजावे. दुरुस्ती जेटखालील षट्‌कोनी नटाने, एका वेळी एक बाजू फिरवून करतात. तत्पूर्वी दोन्ही कार्ब्युरेटर सारखीच हवा ओढत आहेत याची रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे तोंडाशी धरून खात्री करावी. हा क्रम उलटा झाला, तर जुळवणी कधीच संपत नाही.

कार्ब्युरेटर व निष्कास नळ यांच्यामध्ये पत्र्याची उष्णतारोधक ढाल आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी उष्णता न वाहणारे जाड ठोकळे असतात. दुरुस्तीच्या वेळी हे भाग ‘अनावश्यक’ म्हणून वगळलेले आढळतात आणि मग लांबच्या प्रवासानंतर दहा मिनिटे उभी राहिलेली गाडी सुरूच होत नाही. एंजिन थांबताच पंखा व पाणी दोन्ही थांबतात, उष्णता वर चढते आणि कक्षातील पेट्रोल उकळते. दोष तेव्हा पंपाचा नसतो. जुन्या ढालीच्या अस्तरात ॲस्बेस्टस असण्याचा संभव असल्याने ते कोरडे खरवडू नये.

गेल्या काही वर्षांत पेट्रोलच बदलल्याने या यंत्रणेपुढे नवा प्रश्न उभा राहिला आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून सामान्य पेट्रोलात १० टक्क्यांपर्यंत एथेनॉल असते, तर भारतात २०२५ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर नेण्यात आले. एथेनॉलामुळे जुन्या रबरी नळ्या व चकत्या फुगतात किंवा भेगाळतात. ते हवेतील ओलावा शोषते व पाणी टाकीच्या तळाशी वेगळे होऊन पत्रा गंजतो. शिवाय त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेला अधिक इंधन लागते. २० टक्के मिश्रणास ही वाढ सुमारे ८ टक्के होते. पूर्वीच्या पेट्रोलावर जुळविलेला कार्ब्युरेटर म्हणून नव्या पेट्रोलावर विरळ मिश्रण देतो आणि दोष दिला जातो तो रेडिएटरला. जेट थोडे खाली घ्यावे आणि सर्व नळ्या एथेनॉल सहन करणाऱ्या, ‘एसएई जे३० आर९’ या मानकाच्या बसवाव्यात. बाहेरून चांगली दिसणारी नळी वाकवून पाहिल्याशिवाय चांगली समजू नये. शिसेयुक्त पेट्रोल ब्रिटन व भारत या दोन्ही देशांत २००० साली बंद झाले. त्यामुळे बिडाच्या शीर्षातील निष्कास झडपांची आसने झिजतात. शीर्ष कधी उघडले गेल्यास त्यात कठीण पोलादी आसने बसवून घ्यावीत. तोपर्यंत पेट्रोलात पूरक द्रव्य मिसळता येते.

इंधन यंत्रणेवरील काम एंजिन पूर्ण निवल्यावर, उघड्या हवेत व विद्युत् घटमालेची जोडणी सोडून करावे. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत घटमालेचे धन अग्र सांगाड्यास जोडलेले असते, हे जोडणी परत करताना ध्यानी ठेवावे. फ्लोट कक्ष ओसंडल्यास पेट्रोल निष्कास नळावर न पडता खाली जावे म्हणून बारीक नळ्या दिलेल्या असतात. त्या जागेवर असल्याची खात्री करावी. गाडी काही महिने उभी ठेवावयाची असल्यास टाकी व फ्लोट कक्ष रिकामे करावेत, कारण साठलेल्या पेट्रोलाचा चिकट थर जेटमध्ये बसतो. शीतन यंत्रणा मात्र रिकामी ठेवू नये. ओल्या बिडाला हवा लागली की ते पाण्यात असताना गंजते त्याहून झपाट्याने गंजते.