पहिले घर आणि लगतची पट्टी : इंग्लंडमधील खरेदी-कराचा एक बारकावा

व्यापारी कुटुंबांत एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. लगतची जागा विकावयास निघाली, तर ती सोडू नये. दुकानामागचा बोळ असो वा गोदामाशेजारचा मोकळा तुकडा, तो एकदा परक्याच्या हाती गेला की दुप्पट मोल देऊनही परत मिळत नाही. हा समज खोटा नाही. मात्र शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेली आणि पुढे नोकरीनिमित्त लेस्टर, हॅरो वा लंडनच्या उपनगरांत स्थिरावलेली मुले जेव्हा पहिले घर घेतात, तेव्हा वडीलधाऱ्यांचा हाच सल्ला त्यांना हजारो पौंडांना पडू शकतो.

इंग्लंड व उत्तर आयर्लंड येथे स्थावर खरेदीवर 'स्टॅम्प ड्यूटी लँड टॅक्स' आकारला जातो. नाव मुद्रांक शुल्काचे असले, तरी हा कर दस्तावर नव्हे, व्यवहारावर बसतो व तो खरेदीदाराने भरावयाचा असतो. (स्कॉटलंड आणि वेल्स यांचे कर निराळे आहेत.) १ एप्रिल २०२५ पासून निवासी घरासाठी पहिल्या १,२५,००० पौंडांवर कर नाही, त्यापुढे २,५०,००० पर्यंत २ टक्के आणि तेथून ९,२५,००० पर्यंत ५ टक्के असे टप्पे आहेत. आयुष्यात प्रथमच घर घेणाऱ्याला नोव्हेंबर २०१७ पासून विशेष सवलत आहे. आजच्या दराने त्याला ३,००,००० पौंडांपर्यंत कर नाही आणि त्यावरील ५,००,००० पर्यंतच्या रकमेवर ५ टक्के कर आहे. पण किंमत पाच लाखांच्या वर एका पौंडाने जरी गेली, तरी सारी सवलत नाहीशी होते. सप्टेंबर २०२२ ते मार्च २०२५ या काळात या मर्यादा अनुक्रमे ४,२५,००० व ६,२५,००० अशा होत्या. त्यामुळे त्या दिवसांत घर घेतलेल्या आप्तांचा अनुभव आज प्रमाण मानता येत नाही.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका तरुण दांपत्याने ४,८०,००० पौंडांचे घर पसंत केले. सवलतीसह कर होतो ९,००० पौंड. घरमालकाच्या बागेचाच भाग असलेली, परंतु स्वतंत्र नोंदणीची एक पट्टी कुंपणालगत आहे व तो ती ३०,००० पौंडांस देण्यास तयार आहे. इकडून सल्ला जातो, "दोन वेगळी खरेदीखते करा, म्हणजे घर मर्यादेच्या आत राहील." हिशेबाला हे पटते. कायद्याला पटत नाही. त्याच विक्रेत्याकडून त्याच खरेदीदाराने एकाच बेताचा भाग म्हणून केलेले सौदे 'संलग्न' समजले जातात व त्यांच्या किमतींची बेरीज होते. बेरीज ५,१०,००० झाल्याने सवलत गेली. एकूण कर १५,५०० पौंड. म्हणजे तीस हजारांच्या पट्टीवर साडेसहा हजारांचा जादा कर बसला.

पट्टी पत्नीच्या नावे घेतली, अथवा विक्रेत्याने ती आधी आपल्या भावाच्या नावे करून दिली, तरी फरक पडत नाही. पती-पत्नी, भावंडे, मुले ही कायद्याच्या दृष्टीने परस्परसंबंधित माणसे होत. सौदा सहा महिन्यांनी पूर्ण केला, तरीही तो मुळात घराबरोबरच ठरलेला असेल, तर संलग्नच राहतो. अशा वेळी पहिल्या व्यवहारावर घेतलेली सवलत काढून घेतली जाऊ शकते व वाढीव कराचे विवरणपत्र द्यावे लागते. याउलट, पलीकडच्या तिऱ्हाईत शेजाऱ्याशी स्वतंत्र बोलणी होऊन त्याच्याकडून तुकडा घेतला, तर तो संलग्न ठरत नाही.

लगतच्या जमिनीने सवलत नेहमीच जाते, असेही नव्हे. घर ४,६५,००० चे असेल व बागेची पट्टी एकाच खरेदीखतात धरून एकूण ४,९५,००० होत असतील, तर सवलत टिकते. नुसत्या घरावर ८,२५० पौंड भरावे लागले असते, पट्टीसह ९,७५० लागतात. मात्र तीच पट्टी बाग नसून शेतकऱ्याला चराईसाठी भाड्याने दिलेले कुरण असेल, तर चित्र पालटते. खरेदी मिश्र स्वरूपाची ठरते, प्रथम खरेदीदाराची सवलत मिळत नाही आणि बिगर-निवासी दराने १४,२५० पौंड द्यावे लागतात. मोठ्या हवेल्यांचे खरेदीदार कर कमी व्हावा म्हणून आपली खरेदी मिश्र ठरावी यासाठी धडपडतात. लहान घर घेणाऱ्याला तेच मिश्रण महाग पडते, हा या कायद्यातील एक विनोदच म्हणावा लागेल. जमीन बागेत मोडते की नाही, हे खरेदीदाराच्या इच्छेवर नव्हे, तर व्यवहाराच्या दिवशीच्या वस्तुस्थितीवर ठरते. घराच्या उपभोगासाठी जेवढी जागा आवश्यक तेवढीच आवारात धरावी, हा युक्तिवाद तेथील अपील न्यायालयाने २०२२ मध्ये अमान्य केला आहे.

याहून मोठा धोका मात्र जमिनीत नसून नावात आहे आणि तो बहुधा महाराष्ट्रातच जन्म घेतो. सवलतीसाठी खरेदीदाराने जगात कोठेही, कधीही राहत्या घराची मालकी घेतलेली नसावी लागते. वारसाहक्काने वा बक्षिसाने आलेला हिस्साही यात मोजला जातो. व्यापारी घरांतून फ्लॅटच्या करारात मुलाचे नाव 'पुढे त्रास नको' म्हणून दुसरे घालण्याची रीत जुनी आहे. आजोबांच्या पश्चात वाड्याच्या मिळकत पत्रिकेवर सर्व नातवंडांची नावे चढतात, तीही पुष्कळदा त्यांना न विचारता. पंचवीस वर्षांच्या मुलाला ते स्मरणातही नसते आणि तो तिकडे विवरणपत्रात सरळ 'प्रथम खरेदीदार' लिहून मोकळा होतो. केवळ दुकानातील वा शेतजमिनीतील हिस्सा आड येत नाही. राहते घर येते. घर दोघे मिळून घेत असतील, तर ही अट दोघांनाही लागू आहे. सुनेच्या माहेरचा हिस्साही त्यामुळे विचारात घ्यावाच लागतो.

मायेपोटी वडिलांनी स्वतःचे नाव इंग्लंडमधील खरेदीखतात घातले, तर काय होते? वर्षानुवर्षे भारतात राहणाऱ्या आणि येथे ४०,००० पौंडांहून अधिक मोलाचे स्वतःचे घर असलेल्या पित्याचे नाव ४,८०,००० च्या त्याच घराला जोडले, तर सवलत जातेच, शिवाय दुसऱ्या घराचा ५ टक्के आणि अनिवासी खरेदीदाराचा २ टक्के अधिभार संपूर्ण किमतीवर चढतो. नऊ हजारांच्या जागी ४७,६०० पौंड! पित्याने रक्कम बक्षीस म्हणून पाठविली आणि नाव बाहेर ठेवले, तर यांपैकी काहीच घडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीस आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम पाठविता येते. गृहकर्ज देणारी तिकडची संस्था 'ही रक्कम भेट आहे, घरावर आमचा हक्क नाही' अशा आशयाचे पत्र मागते. ते देताना पुष्कळ वडिलांचा हात थबकतो.

कर किती, हे विवरणपत्र भरताना नव्हे, तर करारनाम्यांची अदलाबदल होण्यापूर्वी ठरते. त्यानंतर पट्टी वगळता येत नाही की नाव काढता येत नाही. म्हणून सॉलिसिटरकडे इंग्लंडमधील कागदांबरोबरच येथील फ्लॅटची सूची क्रमांक दोन आणि वाड्याच्या मिळकत पत्रिकेचा उताराही त्या आधीच पोहोचलेला असावा. हे दोन्ही कागद बहुतेक घरांत आईच्या कपाटात, दागिन्यांच्या पावत्यांखाली असतात.