जंगलाचे मुद्दल आणि व्याज

बल्लारपूरच्या लाकूड आगारात सागाचा लिलाव होतो, तेव्हा किती घनमीटर माल विकला गेला आणि त्याला काय भाव आला, याची काटेकोर नोंद होते. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूर-गडचिरोलीचा साग समारंभपूर्वक रवाना झाला, तेव्हा त्याच्या गुणवत्तेचा यथोचित गौरवही झाला. मात्र ज्या रानातून हे लाकूड येते तेथे मागे किती उभे आहे आणि ते वर्षाला किती वाढते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. भांडवलाची शिल्लक न दाखवता केवळ उत्पन्न सांगणारा ताळेबंद एखाद्या पतपेढीने मांडला, तर हिशेबतपासनीस तो मान्य करील काय?

हा हिशेब अवघड असला तरी अशक्य नाही. १८५६ मध्ये ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवनांची व्यवस्था डिट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाकडे आली. हत्तीवरून रान पालथे घालीत त्यांनी साग घेरानुसार चार वर्गांत मोजले आणि बांबूच्या काठ्यांवर खाचा पाडून त्यांची नोंद ठेवली. सहा फुटांहून अधिक घेराची झाडे तोडावीत, परंतु खालच्या वर्गातून जितकी झाडे त्यांच्या जागी वाढून येतील तितकीच, हे त्यांचे सूत्र होते. ते साम्राज्याचे नोकर होते, हे विसरण्याचे कारण नाही. पण मोजल्यावाचून तोड नाही, हा धडा आजही खरा आहे.

व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये, हे शहाणपण आपल्या शेतकऱ्यालाही ठाऊक असते. जंगलाच्या बाबतीत मात्र एक पेच आहे. साग पक्व होण्यास साठ-ऐंशी वर्षे लागतात. समजा, रानाचे मोल वर्षाला चार टक्क्यांनी वाढते आणि बँक आठ टक्के देते. तर निव्वळ नफ्याच्या गणिताने सारे रान आजच तोडून पैसे बँकेत ठेवणे इष्ट ठरते! म्हणूनच नैसर्गिक जंगल बाजाराच्या स्वाधीन करता येत नाही.

सरकारी मालकीनेही हा प्रश्न आपोआप सुटत नाही. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७२ च्या अंतरिम अहवालात मानवनिर्मित वनांचा पुरस्कार केला आणि १९७४ मध्ये महाराष्ट्रात वन विकास महामंडळ स्थापन झाले. अनेक ठिकाणी मिश्र रान तोडून सागाची लागवड झाली. घनमीटरच्या हिशेबात ती फायद्याची दिसली. परंतु मोहफुले वेचणाऱ्या आणि तेंदूपाने तोडणाऱ्या कुटुंबांच्या बुडालेल्या मिळकतीला त्या हिशेबात रकानाच नव्हता. पुढे १९८८ च्या वननीतीने पर्यावरणाचा समतोल अग्रस्थानी ठेवला, तर १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेबाहेरील वृक्षतोडीला मनाई केली.

तोड सर्वस्वी बंद करावी, हा यावरचा उपाय नव्हे. लाकडाची गरज उरतेच. ती आयातीने भागविली तर कुऱ्हाड दुसऱ्याच्या रानावर चालते, इतकेच. मागणी साधी आहे. लिलावाच्या रकमेशेजारी दरवर्षी तीन आकडे प्रसिद्ध व्हावेत: उभा साठा, वार्षिक वाढ आणि प्रत्यक्ष तोड. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाच्या व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभांना दिला आहे. तेव्हा हे आकडे नागपूरच्या दप्तरात न राहता ग्रामसभेत वाचले जावेत. मुद्दल घटले तर त्याची झळ सर्वांत आधी तिलाच लागणार आहे.