फाटकाबाहेर काढले, मग पुढे?

वसतिगृहाच्या खोलीत गांजाची पुडी सापडते आणि दुसऱ्या दिवशी मुलगा सामानासकट फाटकाबाहेर! संस्था सुटते, व्यसन मात्र त्याच्यासोबत घरी येते. मागे राहिलेले मित्र एकच धडा शिकतात, लपवण्याचा.

अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा कडक खरा. पण सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेऊ लागला, तर कलम ६४-अ त्याला खटल्यापासून वाचवते. उपचार अर्धवट सोडले, तर हे संरक्षण काढूनही घेता येते. म्हणजे माया आहे, धाकही आहे.

महाविद्यालयांनी हेच करावे. विकणाऱ्याला शिक्षा हवीच. अडकलेल्याला मात्र उपचारांसाठी रजा आणि परत आल्यावर वर्गातली त्याची जागा मिळावी. कायद्याला जे जमते, ते गुरुजनांना का जमू नये?