एक्स्टेन्शन नंबरांची बदली

बहुतेक कचेऱ्यांत जिन्याखालच्या ज्या अंधाऱ्या जागेत जुनी दप्तरे आणि मोडक्या खुर्च्या रचून ठेवण्याचा प्रघात आहे, त्याच जागेत भिंतीला टांगलेली एक पेटी असते. तिला ईपीएबीएक्स, म्हणजे कचेरीचे स्वतःचे टेलिफोन एक्स्चेंज, म्हणतात, आणि फोन मुका झाल्याखेरीज तिची आठवण सहसा कोणाला होत नाही.

स्ट्रौजर या अमेरिकन गृहस्थाला स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट 1891 साली मिळाले आणि पुढच्याच वर्षी ला पोर्ट या गावी तसे एक्स्चेंज सुरू झाले. परंतु त्या यांत्रिक पद्धतीत नंबर म्हणजे यंत्रातील एक ठरावीक जागाच असल्यामुळे, तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे न्यायचा तर तारांची जोडणीच फिरवावी लागे. इलेक्ट्रॉनिक यंत्राने ही गाठ सोडविली. आपल्याकडे 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेने 128 पोर्टांचे एक्स्चेंज सिद्ध करून त्याचे तंत्र देशी कारखानदारांना दिले, आणि नंबर ही तारेची नव्हे, स्मृतीची बाब आहे हे येथील कचेऱ्यांच्याही अनुभवास आले.

पोर्ट आणि नंबर यांतील हा भेद ज्याला उमगला त्याला या कसबाचे निम्मे रहस्य उमगले. पोर्ट म्हणजे कार्डावरील ती जागा, जिथून निघालेली तांब्याची जोडी तारा जोडण्याच्या क्रोन पट्टीवरून साहेबांच्या मेजापर्यंत जाते. ती हलत नाही. नंबर हा त्या पोर्टाला दिलेला हुद्दा होय, आणि हुद्द्याप्रमाणेच तो काढून घेता येतो. कारागीर एका ठरावीक फोनवरून संकेतांक दाबून प्रोग्रॅमिंगमध्ये शिरतो, हुकमाचा आकडा, पोर्टाचा आकडा आणि नवा नंबर या क्रमाने दाबतो, आणि यंत्राने मान्यतेचा सूर दिला की काम फत्ते झाले असे बघणाऱ्यास वाटते.

वस्तुतः खरी खटपट इथून सुरू होते. नव्याने आलेल्या साहेबांना 236 नको, 201 हवा असतो. परंतु 201 वर आधीच कोणी विराजमान असल्यामुळे यंत्र कुरकुरते, आणि मग 201 च्या धन्याला तात्पुरते एखाद्या रिकाम्या नंबरावर बसवून, 236 चा मानकरी 201 वर आणून, शेवटी पहिल्याची 236 वर तैनाती करावी लागते. (खुर्चीपेक्षा नंबराचा अभिमान बाळगणारे अधिकारी प्रत्येक खात्यात असतात, त्यांच्या हौसेपायी साऱ्या कचेरीने नवे आकडे पाठ करावेत, हे मला तरी अन्यायाचे वाटते.) शिवाय बहुतेक यंत्रे आकडे एकेक करून ऐकतात, 21 हा नंबर कोणाला दिला, तर 210 ते 219 यांचा मार्ग तिथेच खुंटतो, कारण दुसरा आकडा दाबताच 21 ची घंटा वाजू लागते. बाहेरच्या लाइनसाठी बहुधा 0 आणि ऑपरेटरसाठी 9 राखलेला असल्याने त्या आकड्यांनी सुरू होणारे नंबरही वर्ज्यच समजावेत.

सर्वांत अधिक घोटाळा अधिकारांचा होतो. एसटीडीची मुभा, दुसऱ्याचा फोन आपल्याकडे उचलण्याची सोय, चिटणिसामार्फतच साहेबांशी जोडून देण्याची व्यवस्था, या गोष्टी काही यंत्रांत नंबराबरोबर जातात, तर काहींत पोर्टापाशीच राहतात. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात केवळ नंबर बदलून कारागीर निघून गेला, तर नव्या खोलीत बसलेल्या साहेबांना परगावी फोन लागत नाही, आणि त्यांच्या जुन्या खोलीत आलेला बारनिशीचा कारकून मात्र कोणाची परवानगी न घेता दिल्लीशी बोलू शकतो. म्हणून हुद्दा हलविताना त्याची सनदही हलली की नाही, हे दोन्ही मेजांवरून प्रत्यक्ष फोन लावूनच तपासावे. कारागिराच्या शब्दावर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट व्यवस्थापकांनी ध्यानी ठेवावी. अनेक जुन्या यंत्रांत ही सारी स्मृती कार्डावरील एका लहानशा बॅटरीच्या आधाराने टिकते; ती संपलेली असताना वीज गेली, तर वर्षानुवर्षांच्या बदल्या पुसून जातात आणि सर्व मंडळी कारखान्याने नेमून दिलेल्या मूळ क्रमाने उभी राहतात. यास्तव प्रत्येक फेरफारानंतर पोर्ट, नंबर आणि अधिकार यांची तारीखवार यादी करावी, तिची एक प्रत ऑपरेटरच्या मेजावर आणि दुसरी त्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावी, आणि जुनी यादी त्याच दिवशी फाडून टाकावी.