जाताना साडेसात, येताना साडेनऊ

अंतराचा हिशेब : भाग ५

गेल्या आठवड्यात आपण पृथ्वीगोलावर दोरा ताणून दोन शहरांमधला सर्वांत जवळचा मार्ग शोधला. तोच दोरा आज दिल्लीपासून टोकियोपर्यंत ताणू. अंतर भरतं सुमारे ५,८५० किलोमीटर.

आता तिकीट पाहू. समजा, विमान दिल्लीहून रात्री ८ वाजता निघून टोकियोला सकाळी ७ वाजता पोहोचतं. दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या. टोकियोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. ते वजा केले की प्रवास उरतो साडेसात तासांचा. परतीचं विमान दुपारी १२ ला निघून दिल्लीत संध्याकाळी ६ ला उतरतं. इथे साडेतीन मिळवायचे, म्हणजे साडेनऊ. शहरं तीच, मग दोन तास गेले कुठे?

ते वाऱ्याने खाल्ले. विषुववृत्ताकडची उष्ण हवा उंचावरून ध्रुवाकडे सरकते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. त्यातून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वाऱ्याचा पट्टा तयार होतो. यालाच जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. उन्हाळ्यात तो मंदावतो आणि उत्तरेला सरकतो.

सोपं गणित करू. अंतर ६,००० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, वारा ताशी १००. जाताना वेग १,०००, म्हणून सहा तास. येताना ८००, म्हणून साडेसात. एकूण साडेतेरा तास. वारा नसता, तर जाऊन-येऊन १३ तास २० मिनिटं लागली असती. म्हणजे वारा जाताना जेवढं देतो, त्याहून जास्त येताना वसूल करतो. कारण साथीचा वारा सहाच तास मिळतो, विरोधातला साडेसात तास सोसावा लागतो.

शिवाय दोऱ्याचा मार्ग तिबेटच्या पठारावरून जातो, आणि विमानं सहसा तिकडून जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर विमानाला लगेच सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू साधारण पाव तासच पुरतो. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार किलोमीटर उंच. उतरायचं कुठे? म्हणून म्यानमार आणि दक्षिण चीनवरून वळसा.

हा वारा जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी टोकियोजवळच्या तातेनो इथे फुगे सोडून १९२० च्या दशकात मोजला. जगाने वाचावं म्हणून १९२६ मध्ये त्यांनी अहवाल एस्पेरांतो भाषेत लिहिला. नेमका म्हणूनच तो फारसा कुणी वाचला नाही. १९४४ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकी विमानं जपानवर याच वाऱ्यात सापडली, तेव्हा त्याची ताकद वैमानिकांना कळली. १९५२ मध्ये पॅन अॅमच्या विमानाने त्याच्यावर स्वार होऊन टोकियो–होनोलुलू हा १८ तासांचा प्रवास साडेअकरा तासांत केला.

म्हणून दोन शहरांमधलं अंतर विचारलं, तर किलोमीटरचा आकडा एकच सांगता येतो. तासांचे मात्र दोन सांगावे लागतात. पुढच्या विमानप्रवासात समोरच्या पडद्यावर जमिनीसापेक्ष वेग दाखवला, तर जाताना आणि येताना तो टिपून ठेवा. फरकाचा निम्मा आकडा म्हणजे साधारण तुमच्या वाटेवरचा वारा.

पुढच्या आठवड्यात : टोकियो साडेतीन तास पुढे, मग हा अर्धा तास आला कुठून?