कापूर, कार्बन आणि डोपामिन

मेंदूतले निरोप रसायनांच्या रूपाने एका चेतापेशीकडून दुसरीकडे जातात. त्यांतल्या डोपामिनला स्वतंत्र निरोप्याचं स्थान मिळवून दिलं ते स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांच्या 1950 च्या दशकाअखेरच्या संशोधनाने. त्यासाठी 2000 साली ते नोबेलचे मानकरी ठरले. पण हा निरोप्या जिवंत मेंदूत कामावर असताना पकडायचा कसा?

पहिलं धाडस कॅन्सस विद्यापीठातल्या राल्फ अ‍ॅडम्स यांच्या गटाने केलं. ग्रॅफाइटची भुकटी द्रवात कालवून केलेल्या ‘कार्बन पेस्ट’चा इलेक्ट्रोड अ‍ॅडम्स यांनी 1958 मध्येच जगापुढे ठेवला होता. 1973 साली तसलाच अगदी बारीक इलेक्ट्रोड उंदराच्या मेंदूत बसवण्यात आला. यामागचं तत्त्व सोपं आहे. ठरावीक विद्युतदाब दिला की डोपामिनचा रेणू आपले दोन इलेक्ट्रॉन कार्बनला देऊन टाकतो आणि तेवढा प्रवाह मोजता येतो. अडचण अशी, की जवळजवळ त्याच दाबाला क जीवनसत्त्वही इलेक्ट्रॉन सोडतं आणि मेंदूत ते डोपामिनपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं. सुरुवातीच्या नोंदींत मोठा वाटा या जीवनसत्त्वाचाच निघाला.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत यावर तोडगे निघाले. फ्रान्समध्ये लियोंच्या फ्रान्स्वा गोनों यांनी केसाहूनही कितीतरी बारीक कार्बन तंतू वापरात आणला. अमेरिकेत मार्क वाइटमन यांच्या गटाने दाब अतिवेगाने चढवून-उतरवून सेकंदाला दहा नोंदी घेण्याचं तंत्र रुळवलं.

यानंतरच्या एका महत्त्वाच्या टप्प्याचा पत्ता मुंबईतल्या कुलाब्याचा आहे, आणि तो मराठी वाचकाला क्वचितच सांगितला जातो. सुमिओ इजिमा यांनी 1991 मध्ये कार्बन नॅनोनळ्यांचं वर्णन केलं. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1996 मध्ये, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या के. एस. व्ही. संथानम आणि पी. जे. ब्रिटो यांनी पुलिकेल अजयन यांच्या साथीने नॅनोनळ्यांचा इलेक्ट्रोड तयार केला आणि त्यावर डोपामिनची अभिक्रिया किती सुरळीत होते ते दाखवलं. नॅनोनळ्यांच्या विद्युत-रासायनिक संवेदकांवर पुढे जे अफाट काम झालं, त्याच्या उगमाशी या तिघांचा हा शोधनिबंध आहे.

त्या इलेक्ट्रोडमध्ये नळ्या बांधून ठेवायला ब्रोमोफॉर्म हा विषारी द्रव वापरला होता. त्या काळात याचं कुणाला वावगं वाटलं नाही. पुढे ग्राफीनचं, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थराचं, युग आलं, तरी ग्राफीन ऑक्साइड बनवायची रूढ पद्धत 1958 चीच होती: तीव्र सल्फ्युरिक आम्ल, पोटॅशियम परमँगनेट, सोडियम नायट्रेट. त्यातून नायट्रोजनचे विषारी वायू सुटायचे. त्यानंतर या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून ग्राफीन मिळवायला हायड्राझिन वापरत, तेही विषारीच. नॅनोनळ्यांमध्ये निकेल, कोबाल्ट, लोखंड यांचे कण राहून जात. ते काढायला पुन्हा आम्लं लागत.

पर्यायांचा शोध मुंबईतही चालला होता. पवईच्या आयआयटीत महेश्वर शेरॉन यांनी कार्बनचे नॅनोपदार्थ बनवायला चक्क कापूर घेतला. खनिज तेलातून आलेल्या हायड्रोकार्बनऐवजी झाडातून मिळू शकणारा कच्चा माल वापरायचा, ही त्यामागची दृष्टी. 2010 मध्ये ग्राफीन ऑक्साइडवर हायड्राझिनऐवजी क जीवनसत्त्व वापरता येतं हे सिद्ध झालं. डोपामिन मोजताना इतकी वर्षं आड येणारा रेणू इथे मदतीला आला, हे फार सुंदर आहे. 2014 मध्ये राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर लेझर फिरवून थेट ग्राफीन उमटवलं. ना आम्ल, ना द्रावक. 2018 पर्यंत हीच करामत पाव, लाकूड आणि नारळाच्या करवंटीवरही करून झाली. अशा लेझर-ग्राफीनवर डोपामिन मोजणारे संवेदकही आता प्रयोगशाळांत बनतात.

मात्र करवंटी, साल, पाचट यांपासून केलेला प्रत्येक कार्बन आपोआप पर्यावरणस्नेही ठरत नाही. त्याला सच्छिद्र करायला अनेकदा पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून शेकडो अंश सेल्सिअसला तापवतात आणि मग आम्लाने धुतात. शेतातल्या मालाची राखही दर खेपेला सारखी नसते. ऑक्सफर्डच्या रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने 2006 मध्ये दाखवलं होतं, की नॅनोनळ्यांच्या नावावर जमा झालेला हायड्रोजन पेरॉक्साइडचा संकेत प्रत्यक्षात त्यांत राहिलेल्या लोहाच्या ऑक्साइडचा होता. वनस्पतीजन्य कार्बनमधल्या खनिजांबद्दल तोच प्रश्न विचारायला हवा. स्वच्छ कृती आणि विश्वासार्ह मोजमाप या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, आणि दोन्ही लावल्याच पाहिजेत.

कंपवाताच्या रुग्णांवर मेंदूची शस्त्रक्रिया चालू असताना डोपामिनचे क्षणोक्षणीचे चढउतार टिपण्यापर्यंत ही विद्या पोचली आहे. अशा सतरा रुग्णांच्या नोंदी 2016 मध्ये प्रसिद्ध झाल्या. तिथे वापरला गेला तो जुना, पारखलेला कार्बन तंतूच. कापूर-करवंटीच्या कार्बनला ती जागा घ्यायची असेल, तर मालाच्या उगमापासून धुण्याच्या पाण्यापर्यंतचा हिशेब आणि दर खेपेला तेच उत्तर देण्याची हमी या दोन्ही गोष्टी त्याने आधी दिल्या पाहिजेत.